सोमा, शून्य बघ

हसनाबाद,
१३ जानेवारी २०२५

प्रिय देवानंद,
सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. तुम्हीही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. उद्या संक्रांत. वंदनाने तिळाच्या वड्या केल्या आहेत आणि बेबीनंदावहिनींसाठी वेगळा डबा भरून ठेवला आहे. तुझा फोन लागत नाही. व्हॉट्सअपवर माझ्या निरोपापुढे महिनाभर एकच खूण उभी आहे. मागच्या आठवड्यात बदनापूरला घरी येऊन गेलो, तर वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, ते घरात न्हाईत असं सांग म्हणलेत." इतका सरळ निरोप मी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणून हे पत्र. तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस आलेलं पाकीट न फोडता ठेवणार नाही, एवढी मला खात्री आहे.

तू गेल्यापासून आपल्या स्पर्धेची काय कळा झाली ते ऐक. काल रविवार होता, म्हणजे मोसमातली शेवटून दुसरी फेरी. तलावावर नऊ वाजता जमायचं ठरलेलं. साडेदहापर्यंत आलेल्या मंडळींनी गळ टाकणं सोडून सगळं केलं. टोप्या घातल्या, गॉगल लावले, पोहे खाल्ले, फोटो काढले. मासे धरायचे आहेत याची आठवण मलाच करून द्यावी लागली.

राधेश्यामशेठ जुन्या जालन्यातलं कापडदुकान सोडून एवढ्या लांब येतात ते डॉक्टरने मोकळी हवा सांगितली म्हणून. माशाला हात लागू नये यासाठी कोपरापर्यंत रबरी हातमोजे. गळाला कणकेची गोळी लावायची आणि मासा लागलाच तर डोळे मिटून रामराम म्हणायचं. मोसमभरात त्यांच्या नावावर चार चिलापी आहेत, त्यातली एक मापाच्या पट्टीवरून स्वतःच उडी मारून गेली. हरिओमसरांचं तर विचारूच नकोस. बियाण्याच्या कंपनीत माल खपवणारा माणूस, तोंड बंद ठेवायची सवयच नाही. टोपीला मोबाइल बांधून होडीत बसतो आणि पाण्याकडे बघून "मित्रांनो, आज आपण" अशी सुरुवात करतो. अर्धे मासे ते ऐकूनच पलीकडच्या काठाला जातात. तरी बेरजेत तोच पुढे आहे. देव दात देतो तो चणे नसलेल्याला म्हणतात, इथे दोन्ही एकाच मूर्खाला दिलेत.

आपले पुढारी अण्णासाहेब अजून काठावर खुर्ची टाकून बसतात. जलपर्यटन केंद्र म्हणून सहा प्लॅस्टिकच्या कयाक आणल्या, फीत कापली आणि चार महिन्यांत केंद्राला कुलूप लावलं, एवढं पुण्य त्यांना जन्मभर पुरणार आहे. कयाक त्यांना अजूनही म्हणता येत नाही. काल पाहुण्यांना सांगत होते, "ह्या कयामती म्याच आणल्यात." पत्र्याच्या शेडमध्ये त्या होड्यांत कोंबड्या अंडी घालत होत्या. त्या घासूनपुसून पाण्यात उतरवल्या तू आणि मी, हे कुणाच्या तोंडून निघत नाही.

आणि नियम काय कठीण आहेत? पोळ्यानंतर एक आड एक रविवार. होडीत एकट्याने बसायचं, गळाने मासा धरायचा, पट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मच्छीमार सोसायटीने परवानगी दिली ती याच बोलीवर. मोसमातले ज्याचे त्याचे पाच लांब मासे, त्यांची बेरीज. बक्षीस काही नाही, मैत्रीचा मामला. एवढंही या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, पण इतका ढ वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

आता तुझं. म्हणजे तसं काही नाहीच. १५ डिसेंबरला तुझी आधीची पट्टी मोडली होती म्हणून तू घरून नवी करून आणलीस. ते नियमात बसत नाही, तुलाही ठाऊक आहे. तुझी मरळ तुझ्या पट्टीवर साडेएकसष्ट सेंटिमीटर भरली. तीच मी माझ्या पट्टीवर ठेवली तर साडेसाठ. हरिओमसरांची एकसष्ट, आणि प्रश्न होता मोसमातली सर्वांत लांब मरळ कुणाची. मी आयोजक, मला निर्णय द्यावा लागला. त्या भरात मी काहीतरी बोललो असेन. सवलत असा काहीसा शब्द निघाला. एका सेंटिमीटरची सवलत, एवढाच त्याचा अर्थ. चार माणसं हसली ती त्याच अर्थाने. तू होडी काठाला लावलीस, वल्हं आडवं ठेवलंस आणि चालू लागलास. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत तुला माझी चेष्टा कळू नये, याचं मला नवल वाटतं.

तुझी पट्टी इथेच राहिली, माझ्या कपाटात आहे. मी ती ताडून बघितलेली नाही. गरजही नाही.

शेवटची फेरी २६ जानेवारीला आहे. ये. झालं गेलं मी मनात ठेवलेलं नाही.

तिळगूळ घे, गोड बोल.

तुझा,
सोमेश्वर


हसनाबाद,
२८ जानेवारी २०२५

देवानंद,

माझं पाकीट बुधवारी परत आलं. न फोडलेलं. पाठीवर लाल शाईने लिहिलेलं: "पत्ता अपुरा. पाठवणाऱ्यास परत." अक्षर तुझं.

आधी मी हसलो, मग भडकलो. बदनापुरात तुझं घर न सापडणारा पोस्टमन अजून जन्माला यायचा आहे. वंदनाला म्हटलं, बघ, काय नखरे चालू आहेत याचे. तिने पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "बराबर तर लिव्हलंय त्यांनी. ह्याच्यावर आडनाव कुठंय?"

मी लिहिलं होतं: देवानंद, पोस्टाजवळ, बदनापूर. गुरं राखणाऱ्या गड्याला निरोप धाडावा तसं.

मग स्पर्धेची वही काढली. पहिल्या पानावर नावं माझ्याच अक्षरात आहेत. राधेश्यामशेठ. हरिओमसर. मी स्वतः लहाने सर, स्वतःच्या हाताने स्वतःला सर. सगळ्यांत खाली नुसतं देवानंद. हरिओम तुझ्या पोराच्या वयाचा, तो तुला "ए देवानंद, जरा होडी धर" म्हणायचा आणि तू धरायचास. मी शेजारीच असायचो. मी स्वतःला सांगायचो, आपण एका बाकावरचे, आपल्यात कसलं अहो-जाहो. पण चारचौघांत तू मला सरच म्हणायचास. सोमा फक्त पाण्यात, दोघांच्या होड्या काठापासून लांब गेल्यावर. हे तू कधी ठरवलंस आणि मी कधी चालू दिलं, मला आठवत नाही.

परत आलेलं पत्र मी फोडून वाचलं. बरं झालं ते तू वाचलं नाहीस. त्यात मी राधेश्यामला हसलो, हरिओमला हसलो, अण्णासाहेबांना हसलो. गावभर चिखल उडवला तो माझ्या धोतरावरचा दिसू नये म्हणून. आणि तुझ्याबद्दल लिहिलं ते बहुतेक खोटं लिहिलं.

त्याच दिवशी दुपारी तुझी पट्टी कपाटातून काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली. माझ्या सहाही पट्ट्या मी शाळेतल्या मोडीत निघालेल्या लाकडी मीटरपट्ट्यांच्या केल्या होत्या. त्या पट्ट्यांना दोन्ही टोकांना एक एक सेंटिमीटर कोरं लाकूड असतं, शून्य त्याच्या पुढे. मी माशाच्या तोंडाची आडवी फळी ठोकली ती लाकडाच्या टोकाला, शून्याला नाही. तू ठोकलीस ती शून्याला. मोसमभर प्रत्येकाचा प्रत्येक मासा मी एक सेंटिमीटर आखूड लिहिला.

"मोजायचं शून्यापासून, पट्टीच्या टोकापासून नाही." हे मी अठ्ठावीस वर्षं ओरडून सांगितलं. न ऐकणाऱ्यांच्या हातावर तीच पट्टी मारली. आता ती पोरं कुठे कुठे कामाला लागली आहेत, माझ्या हातावर मारायला त्यातलं एकही इथे नाही.

पुढचं गणित तू तेव्हाच मनात केलं असशील. तुझी मरळ साडेएकसष्टच होती. आणि हरिओमची, माझ्या आखूड पट्टीवर एकसष्ट म्हणजे खरी बासष्ट. तू हरलाच होतास. मी शून्य बघितलं असतं तर तू स्वतःच हसून त्याच्या पाठीवर थाप मारली असतीस. तू स्वतःसाठी काही मागतच नव्हतास. तू सगळ्यांना त्यांचा एक एक सेंटिमीटर परत देत होतास.

आणि मी काय म्हणालो ते आता पुरं लिहितो, कारण मागच्या पत्रात एकच शब्द लिहून मी मोकळा झालो होतो. तू म्हणालास, "सोमा, शून्य बघ." मी म्हणालो, "तुमाला समदीकडंच सवलत लागती, इथंबी पाहिजे का?" तुला नाही, तुमाला. त्या अनेकवचनात तू एकटा नव्हतास. तुझे वडील होते, तुझी पोरं राजानंद आणि अक्षता होती, तुमची सगळी वस्ती होती. हसणाऱ्यांना ते बरोबर कळलं, म्हणून ते हसले. मलाही कळलं होतं. चेष्टा होती असं लिहिलं तो माझा भेकडपणा.

का बोललो तेही सांगतो. पट्टीमुळे नाही. तू पहिल्यांदाच चारचौघांत मला सोमा म्हणालास. मला शून्य ऐकूच आलं नाही, फक्त सोमा ऐकू आलं. इतक्या हलक्या मनाचा माणूस तुझ्याशेजारी शाळेत बसत होता, दहावीला तुझी वही उतरून काढत होता. पोस्टात तू परीक्षा देऊन लागलास. मला नोकरी काकांच्या संस्थेत मिळाली, मुलाखत त्यांच्या ओसरीवर चहा पिताना झाली आणि पहिला प्रश्न होता, "साखर कमी न्हाई ना झाली?" सवलतीवर बोलायचं तोंड या गावात कुणाला असेलही, मला नक्की नव्हतं.

परवा शेवटची फेरी झाली. अण्णासाहेब सकाळी झेंडावंदन करून, समतेवर अर्धा तास बोलून, तलावावर आले. मासे मोजून झाल्यावर मी उभा राहिलो. पट्ट्यांचं सांगितलं, सगळ्यांचे मासे एकेक सेंटिमीटर वाढले असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. फुकटचं वाढलेलं कुणाला आवडत नाही? मग तुला बोललेलं वाक्य मी तसंच्या तसं, मोठ्याने, पुन्हा म्हटलं. ते माझं होतं आणि ते घाण होतं, असंही म्हटलं. काकांच्या ओसरीचं सांगितलं. तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. हरिओमने टोपीवरचा मोबाइल काढून खिशात घातला. अण्णासाहेब म्हणाले, "सर, आजचा दिवस कोन्ता, अन् तुम्ही हे काय काढून राह्यले?" मी म्हटलं, आजचा दिवस बघूनच काढलं.

राधेश्यामशेठ होडीजवळ हातमोजे काढत बसले होते. बराच वेळ एकाच बोटाशी झटत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, त्या दिवशी मी बी हासलो होतो." ज्या माणसाची मी मोसमभर टवाळी केली, त्यानेच तेवढं म्हटलं. बाकीचे पोह्यांकडे गेले.

बेरजेत हरिओम पहिला आला. वहीतलं पहिलं पान फाडून मी नवं लिहिलं आहे, सगळ्यांची नावं आडनावासकट, माझ्या नावामागचं सर काढून. तुझं नाव वर आहे. तू पुढच्या मोसमात आलास तर म्हणून नाही. या होड्या पाण्यात उतरवणारा पहिला हात तुझा होता, म्हणून.

तुझी पट्टी या पत्राबरोबर पाठवतो आहे. ती बरोबर आहे, तिला माझ्या कपाटात राहायचं कारण नाही. तू ये असं म्हणत नाही. तो शब्द मागच्या पत्रात फार सहज लिहिला होता. तूच शिकवलेली पोस्टातली एक गोष्ट मात्र वापरतो आहे. टपाल परत आलं तर चिडायचं नाही, पत्ता नीट करून पुन्हा टाकायचं.

पाकिटावर या वेळी असं लिहिलं आहे: श्री. देवानंद सखाराम हिवाळे, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, पोस्टाजवळ, मु. पो. बदनापूर, जि. जालना, खाली पिनकोड. अजून काही अपुरं असेल तर ते पाठीवर लिहून परत पाठव. न फोडता पाठवलंस तरी चालेल. मी दुरुस्त करून पुन्हा टाकीन.

चारचौघांत सोमा म्हणवून घ्यायची लायकी येईपर्यंत, नुसता

सोमेश्वर गणपत लहाने