उडीचा पट्टा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुमच्या उडत्या हिरोच्या मालिकेचा नवा भाग काल पाहिला. पहिल्या वर्षी त्याचे पोशाख मी शिवायचे, तेव्हा एका उडीची तालीम चार दिवस चालायची. आता त्याच हिरोच्या पाच मालिका, आणि पाचही उरकल्यासारख्या. मागचं शहर तर पुठ्ठ्याचं वाटतं. तुझे भाऊजी पोट धरून हसले.

मला हसू आलं नाही. त्याच्या जागी उडी मारणारा तू असतोस. तू वळलास तेव्हा तुला तोलणारा पोशाखाआडचा पट्टा काखेकडे सरकला. मी शिवलेला कधी सरकत नसे. अस्तर उसवून टाके बघ.

लोभ आहेच, काळजीही.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मालिका बघतेस की शिलाई तपासतेस? कथा फुटू नये म्हणून इथे फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र. पट्टा वरून ठीक दिसतो. अस्तर उसवू देत नाहीत. शिंपी एक, पोशाख सतरा. तालमी बंदच झाल्यात. चुकलेलं संगणकावर सुधारू, असं दिग्दर्शक म्हणतो.

गुरुवारी सहाव्या मजल्यावरून उडी आहे. खरं सांगू? या वेळी भीती वाटतेय. आईला कळवू नकोस.

माया असू दे.
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे गुरुवारआधी पोचेल ना? काम गेलं तर जाऊ दे. अस्तर फाड.

ताई

१४ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

धडधाकट आहे, आधी तेच सांगतो. पत्र वेळेत मिळालं. सगळ्यांसमोर अस्तर टराटरा फाडलं. पट्टा चार टाक्यांवर लोंबत होता. दिग्दर्शक म्हणाला, टेप लावा आणि चला. मी हटून बसलो, वाळूचं पोतं टांगायला लावलं. पोतं वर गेलं आणि पट्टा सुटला. ते आपटल्याचा आवाज अजून कानात आहे.

दुपारी मला काढलं, फोन अजून परत दिलेला नाही. माझ्या जागी आलेला माणूस फाटकाशी भेटला. दोन लहान मुली आहेत त्याला. उडी मारू नकोस म्हटलं, तर म्हणाला, काम हवंय. मग त्यानेच हळूच विचारलं, नीट शिवून देणारं कोणी आहे का?

मी तुझा पत्ता दिलाय. दोन-तीन दिवसांत पोशाख लपवून आणेल. दुहेरी शिवण घाल, ताई. माझ्यासाठी घातली असतीस तशी.

तुझाच,
धाकटा