बोगद्यातल्या दोन पेट्या

मंगळवार, ४ मार्च

आज वहिनीला पहिल्यांदा कामावर पाहिलं. घरी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी बाई — आणि इथे अंधारात भिंतीला हात लावून सांगते, "आवाज इथे अडखळतो." अडखळतोच!

दुसऱ्या वळणापलीकडे दादाची सात जणांची टोळी खोदणार. तिथून वायरलेसवरचा आवाज थेट बाहेर पोचत नाही. म्हणून वाटेत वहिनीच्या दोन पेट्या — आतला आवाज झेलायचा, पुढे धाडायचा. प्रत्येक पेटीला चार अँटेना. माझं काम नोंदींचं. पेटीशेजारी उभं राहून कुठला अँटेना किती पकडतो ते वहीत उतरवायचं.

शुक्रवार, ७ मार्च

चारही अँटेना एकदम चालवले तर बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून सगळ्यात चांगला एकच निवडायचा. मग बाहेर, बोगद्याच्या तोंडाशी, दोन्ही पेट्यांकडून आलेला आवाज एकत्र करायचा.

जेवताना विचारलं, "पुसट येईल तो टाकून का नाही द्यायचा?"

"अगं, पुसट असला म्हणून काय झालं? स्पष्ट असेल त्याचं जास्त ऐकायचं, पुसटाचं कमी. पण ऐकायचं दोघांचंही." मग दादाकडे बघून — "सासरी मी हेच करते."

दादाला असा ठसका लागला!

शनिवार, ८ मार्च

पहिल्या पेटीवरचा दोन नंबरचा अँटेना आजही ढ. बिचारा.

सोमवार, १० मार्च

माझ्या नोंदींवरून वहिनीने ठरवलं — पहिल्या पेटीवर तीन नंबर कायमचा नेमायचा. दर वेळी निवडत बसायला नको, बॅटरी आणखी वाचेल. दोन नंबर काढूनच टाकायचा. गुरुवारी साहेबांना अहवाल, पुढच्या सोमवारी खोदकाम सुरू. माझ्या वहीवर तिचा किती विश्वास! उगाच मिरवावंसं वाटलं.

मंगळवार, ११ मार्च

माझी वही खोटी निघाली.

आज माझ्या नेहमीच्या जागी कुणीतरी फळ्या रचून ठेवल्या होत्या. पलीकडे उभी राहिले — आणि दोन नंबर सगळ्यांच्या वर! तीन नंबर आपटला. आधी हसले. मग लख्ख कळलं. रोज मी एकाच जागी उभी असायचे, तिथला दगड वही टेकवायला बरा म्हणून. बरोबर दोन नंबरच्या पुढ्यात! तो ढ नव्हताच. त्याचा आवाज माझं अंगच अडवत होतं, आणि आज तीन नंबरचा.

वहिनी अहवाल लिहून बसलीय. आज सांगवलं नाही. आणि न सांगावं तर — आत दादा असणार आहे.

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मी बोलणी खायच्या तयारीत.

"म्हणजे तू मध्ये आलीस."

"हो."

"आणि सोमवारपासून तिथे कोण उभं राहणार?"

मला कळेना.

"अगं, माणसंच ना! सात जण. येतील, जातील, टेकतील. आज इथे, उद्या तिथे. मी रिकाम्या बोगद्यासाठी पेटी करत होते. तू कुठे उभी राहतेस ते बघायचं काम माझं होतं, चूक माझी." मग हसली — "वन्सं, इतकी वर्षं आमच्या मध्ये मध्ये करताय, आज पहिल्यांदा उपयोग झाला!"

आता कुणालाच कायमचं नेमायचं नाही. बोलणं सुरू होताना पेटीच चारही अँटेना चाचपून बघेल आणि त्या घडीला चांगला तो घेईल. बॅटऱ्या जास्त लागतील, लागू देत. त्यासाठी आणखी एक आठवडा मात्र हवा.

मी एक अख्खी रात्र गप्प बसले. ती स्वतःची चूक सांगायला एक मिनिटही थांबली नाही!

गुरुवार, १३ मार्च

साहेब म्हणाले, "सोमवार हलणार नाही."

वहिनी म्हणाली, "मग माझी सही मिळणार नाही."

आवाज चढवला नाही, खुर्चीतून हललीसुद्धा नाही. सोमवार हलला, एक आठवडा मिळाला. त्याची किंमतही ठरली — पेट्या लावून दिल्या की बोगद्याचं काम दुसऱ्याकडे. वहिनीने पुन्हा तोंडाशीसुद्धा फिरकायचं नाही.

वाटेत मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"उगाच मोठेपणा घेऊ नकोस."

सोमवार, २४ मार्च

खोदकाम सुरू. वहिनी मुख्य कचेरीत, जुन्या नकाशांच्या कपाटाशेजारी. तक्रार नाही. मी बोगद्याच्या तोंडाशी, नव्या साहेबांच्या हाताखाली. दादाचा आवाज शेजारून बोलल्यासारखा येतो. हे कुणी केलं ते इथे कुणी बोलत नाही. मी बोलते, येईल त्याला सांगते.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी आत पाणी फुटलं. विजेच्या तारा जमिनीवर, आणि वीज बंद करायची कळ बाहेर. दादा ओरडला, "वीज तोडा!" — लगेच तोडली. नंतर मी नव्या साहेबांना दोन्ही पेट्यांचा टिपून ठेवलेला आवाज वेगवेगळा ऐकवला. एकीत नुसतं "वी", दुसरीत खरखरीमागे काहीतरी पुसट. एकत्र केलेलं मात्र लख्ख.

वहिनीला फोन केला. सातही जण बाहेर, म्हटलं.

"पुन्हा मोज."

मोजले. सात.