एकसष्ट अक्षरांची गाडी

२ सप्टेंबर, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
सद्यस्थिती: बाबांनी सुरू केलेलं ड्रायव्हिंग स्कूल. गाडी एक. ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. ताई शिकवते, मी मॅनेजमेंट बघतो. म्हणजे फोन घेतो आणि रजिस्टरला रेघा मारतो. विद्यार्थी चार, त्यातला एक येत नाही.
मला गाडी चालवता येत नाही. हे इथे एकदाच लिहून संपवतो. टेस्टला तीनदा बसलो, तिन्ही वेळा वातावरण अनुकूल नव्हतं. मॅनेजमेंटला ड्रायव्हिंग लागत नाही.

३ सप्टेंबर
ताईने विषय काढलाच. चौकापलीकडच्या नव्या स्कूलने आपली माणसं ओढली, तिला एकटीला झेपत नाही, मी गाडी शिकून हाताशी यायला हवं. मी म्हटलं, प्रॉब्लेम गाडीचा नाही, वेबसाइटचा आहे. ती म्हणाली, आपल्याला वेबसाइटच नाही. मी म्हटलं, तोच तर प्रॉब्लेम.
शेवटी ठरलं. ३१ ऑक्टोबरपर्यंत वेबसाइटवरून दहा विद्यार्थी आणायचे. आणले तर मी कायमचा मॅनेजर. नाही आणले तर, तिचं वाक्य जसंच्या तसं: "पहिला विद्यार्थी तू. सकाळी सात वाजता, स्टिअरिंगवर."
तळहाताला घाम आला. हवा दमट आहे.

६ सप्टेंबर
दोन दिवस रिसर्च, म्हणजे व्हिडिओ. सार असं की लोक जे शब्द शोधतात तेच वेबसाइटच्या नावात कोंबायचे. मग सर्च इंजिन आपल्याला उचलून पहिल्या नंबरवर बसवतं. इतकं सोपं असून सगळं जग हे का करत नाही? जग आळशी आहे.
सगळ्यात चांगला व्हिडिओ चौदा वर्षांपूर्वीचा निघाला. जुनं ते सोनं.

८ सप्टेंबर
वेबसाइटवाल्याला भेटलो. तो म्हणतो, नावातल्या शब्दांचा पूर्वी थोडाफार फायदा व्हायचा, आता जवळजवळ नाहीच. छोटं, लक्षात राहणारं नाव घ्या, पानावर खरी माहिती लिहा, शिकून गेलेल्यांना चार ओळी लिहायला सांगा आणि धीर धरा. पी हळद हो गोरी, असं इथे चालत नाही म्हणे.
माणूस सज्जन आहे, पण धंद्यातलं गुपित कोण फुकट सांगतो? मी हळूच विचारलं, नावात जास्तीत जास्त किती अक्षरं बसतात. तो म्हणाला, त्रेसष्ट. आणि लगेच पस्तावल्यासारखा दिसला.

९ सप्टेंबर
नाव फायनल: बेस्ट-स्वस्त-कार-ड्रायव्हिंग-स्कूल-लेडीज-जेन्ट्स-शिका-पटकन-नजीक. इंग्रजीत लिहून, डॅश धरून, एकसष्ट अक्षरं. दोन वाया गेली याची चुटपुट लागली. नवल म्हणजे हे नाव अजून कोणी घेतलेलं नव्हतं.
ताईने वाचताना मध्ये दोनदा श्वास घेतला. म्हणाली, नाव मोठं, लक्षण खोटं. आईला आवडलं. आईला माझं सगळंच आवडतं, त्यामुळे तिचं मत धरत नाही.

१७ सप्टेंबर
वेबसाइट सुरू. नावाने अर्धं पान खाल्लं, माहितीला जागा उरली नाही. हरकत नाही, माहिती नावातच आहे.
गाडीवरही तेच रंगवायला दिलं. पेंटरने टेप लावून पाहिली आणि विचारलं, मोठी गाडी घेणार आहात का. शेवटी डाव्या बाजूने सुरुवात करून, मागून वळसा घालून उजव्या दारावर संपवलं. मागून येणाऱ्याला फक्त ‘स्कूल-लेडीज’ एवढंच दिसतं. उत्सुकता वाढेल.

२४ सप्टेंबर
ट्रॅफिक पोलिसाने गाडी थांबवून भोवती दोन फेऱ्या मारल्या. ताईला वाटलं, चूक शोधतोय. तो वाचत होता. मध्ये रेघा कशाला, एवढंच विचारून त्याने सोडलं. घरी आल्यावर ताईने चावी माझ्यापुढे आपटली. पण ही पब्लिसिटीच आहे.
रँकिंग: अकरावं पान.

२९ सप्टेंबर
‘ड्रायव्हिंग स्कूल’ असं रोज चाळीस वेळा शोधतो आणि आपलं नाव सापडलं की क्लिक करतो. झाडाला पाणी घालावं तसं. आज सहावं पान.

५ ऑक्टोबर, सकाळी १०.१५
पहिला नंबर. पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर. डोळे भरून आले.

५ ऑक्टोबर, दुपारी १२
वेबसाइटवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने स्वतःच्या फोनवर शोधलं, नवव्या पानापर्यंत गेला आणि सोडून दिलं. म्हणाला, तुम्ही रोज तिथेच जाता, म्हणून तुमच्या लॅपटॉपला तेच दाखवायची सवय लागलीय, जगाला तुम्ही दिसत नाही. वेबसाइटला आलेले सातशे पाहुणेही मीच आहे म्हणे.
वाईट वाटलं. फार जुना फोन वापरतो बिचारा.

८ ऑक्टोबर
एन्क्वायरी आली. मजकूर: ‘मी पंचवीस वर्षांची कॉलेजकुमारी आहे. वेबसाइट फार छान आहे. अक्षर मोठं आहे, चष्म्याशिवाय वाचता येतं. गाडी शिकायची आहे, पण घाई नाही.’
तरुण पिढीपर्यंत पोचलो.

१४ ऑक्टोबर
एन्क्वायऱ्या सात. एक नर्स, एक बँक मॅनेजर, एक पहिलवान वगैरे. सगळ्यांना वेबसाइट छान वाटते, घाई कोणालाच नाही. पहिलवानाने शेवटी लिहिलंय, मॅनेजरसाहेबांनी वेळेवर जेवावं. ग्राहकाशी असं नातं जुळायला इतरांना वर्षं लागतात.
निरीक्षण: सगळ्या दुपारी दोन ते चारमध्येच येतात. तेव्हा आई आत पडलेली असते, घर शांत असतं. शांततेचा काहीतरी संबंध असावा. अभ्यास करायला हवा.

१८ ऑक्टोबर
दहा पूर्ण. दहावा निवृत्त पायलट. यादी छापून ताईच्या हातात दिली. स्वतःसाठी फिरती खुर्ची बघतोय.

१९ ऑक्टोबर
ताईने विचारलं, दहा जणांचा फोन नंबर एकच कसा. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मॅनेजर तपशिलात जात नाही, आणि हल्ली नंबर पाठ कोणाचे असतात? एकत्र कुटुंब असेल, म्हटलं. ताईने ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवला. स्वयंपाकघरात वाजला.
आई ओले हात पुसत बाहेर आली. शोधून वेबसाइट काही सापडेना, म्हणून तिने वही घेऊन गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि एकेक अक्षर उतरवून घेतलं होतं. ताईने विचारलं, पण कशासाठी?
"त्याला गाडीची भीती वाटते गं. तू सातला बसवणार म्हणालीस, तेव्हापासून धड जेवत नाही."
मी रजिस्टरला रेघा मारत राहिलो. पान संपलं तरी मारत राहिलो.
ताई आईला म्हणाली, दहा फॉर्म भरलेस, आता एका तरी नावाने शिकायला यावं लागेल. मला वाटलं, आई हसण्यावारी नेईल. ती बूट शोधायला गेली.

२६ ऑक्टोबर
आईचं लर्नर लायसन्स आलं तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांचं नवं आहे. आज तिने चौकात गाडी वळवली. वय पासष्ट. इंडिकेटर वेळेवर, हॉर्न नाही, चेहऱ्यावर रेघ नाही.
ती हळू वळते, त्यामुळे लोकांना पूर्ण नाव वाचायला मिळतं. हे नावाचंच यश.

३० ऑक्टोबर
चार दिवसांत तेरा नव्या विद्यार्थिनी. बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. ‘कुठून कळलं?’ हा रकाना मीच आखलाय. तेराही जणींनी लिहिलं: आजींना गाडी चालवताना पाहिलं. एकीने विचारलं, तुमची वेबसाइट आहे का. मी नाव सांगायला लागलो. ‘लेडीज’पर्यंत पोचलो तोवर ती फॉर्मवर सही करून निघून गेली होती.

३१ ऑक्टोबर
ताईपुढे मुद्दा मांडला. आई वेबसाइटवरून आली, बाकीच्या आईमुळे आल्या, म्हणजे तत्त्वतः चौदा. ताई म्हणाली, तत्त्वतः उद्या सकाळी सात.
तेरा जणी तिच्या एकटीच्या अंगावर आहेत, हे मलाही दिसतं. पहाटे उठते, दुपारी उभ्यानेच खाते. मी आईकडे पाहिलं. या वेळी आईने सहाचा गजर लावला.

१ नोव्हेंबर, सकाळी ८.३०
ताई शेजारी, आई मागच्या सीटवर. गाडी सात वेळा बंद पडली. पाऊण तासात कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचलो. न्हावी दाराशी उभा राहून बघत होता, गिऱ्हाईकही, अर्धी दाढी झालेलं.
क्लच हळू सोड, असं ताई सांगत होती. पाय ऐकत नव्हता. मला भीती वाटत होती. लिहिलं एकदाचं.
आठला तेरापैकी पहिली यायची होती, म्हणून मला उतरवून मागे बसवलं. गाडी आईने घरी आणली.