सोड्याचं पाणी

आई, मेथी वाचली. हे आधी सांगतो, कारण मी कुठलीही हकिकत सांगायला बसलो की तू मधेच म्हणायचीस, शेवटी काय झालं ते सांग, मग बाकीचं ऐकते. तर अकरा वाफ्यांपैकी दहा मरायला टेकले होते, ते आज हिरवे आहेत. अकरावा मुळात आजारी पडलाच नव्हता, आणि त्याच्यापायीच हे लिहायला बसलोय.

पहिल्यापासून सांगतो. सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात मी माळी म्हणून लागलो ते तुझ्या हयातीतच. आता बागेचा मुकादम आहे. शाळा सातवीला सुटली ती सुटलीच, पण बागकामाचं जे मराठी पुस्तक हाताला लागलं ते वाचलं, कळलं नाही ते प्राध्यापकांना विचारलं, आणि त्यांनी सांगितलेलंही मातीत करून बघितल्याशिवाय खरं मानलं नाही. दुष्काळाची वर्षं सरल्यावर इथल्या महिला मंडळानं परसबागेचा वर्ग काढला. घरच्या परड्यात घरची भाजी, खत पालापाचोळ्याचं, विकतचं काही आणायचं नाही. शिकवायला मला बोलावलं. शनिवारी दुपारी चार वाजता अकरा बायका वह्या घेऊन बसतात आणि मला ‘मास्तर’ म्हणतात. प्राध्यापकांच्या, वकिलांच्या घरच्या बायका. मला ते आवडतं, तुझ्यापाशी कशाला लपवू. वाफा चार फूट रुंद, दहा फूट लांब, दहा फुटाला उतार दोन बोटं, असं मी सांगतो आणि त्या लिहून घेतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: मोरीतला एक थेंबही गटारात जाता कामा नये. दुष्काळात हंड्यासाठी रांगेत उभं राहिलेल्या बायका त्या, त्यांना ते लगेच पटलं. प्रत्येकीनं मोरीपासून वाफ्यापर्यंत पाट काढला, आणि प्रत्येक पाट मी स्वतः बघून आलो.

मेथी चांगली उगवली. दोन पानांवरून चार पानांवर आली आणि तिथंच थांबली. मग कडा पिवळ्या पडल्या, सबंध पानं पिवळी पडली, मातीवर पांढुरकी साय धरली आणि वाफा पायाखालच्या अंगणासारखा टणक झाला. खुरपं मारलं तर ढेकूळ निघायचं, चिकट, साबणाच्या वडीसारखं. बी बदलून बघितलं, पाणी कमी करून बघितलं, पुस्तकं पुन्हा काढली. एका शनिवारी वकिलांच्या बायको म्हणाल्या, “मास्तर, पिवळंच करायचं होतं तर हळद लावायला सांगायचं. सांगलीत खपली तरी असती.” सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण मंडळाच्या अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. कृषी खात्यातले एक पदवीधर साहेब त्यांच्या ओळखीचे होते. “पुढच्या महिन्यापासून त्यांनाच बोलवावं म्हणते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.” मी म्हणालो, “दोन शनिवार द्या.” द्या म्हणालो खरं, पण त्या दोन शनिवारांत करायचं काय ते मला माहीत नव्हतं. सायकल घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एकेक परडं परत हिंडलो. दहा घरी तेच. अकराव्या घरी मेथी कोपराएवढी वाढलेली, गर्द हिरवी. त्या घरी सुनेनं नाव घातलंय वर्गात, पण वाफा बघते तिची सासू. म्हातारी कडेगावाकडची, आपल्याच बाजूची, लेकाकडं राहायला आलेली. मी मातीला हात लावला, भुसभुशीत. पाट बघितला, तसाच. मग मोरीत डोकावलो. भांडी राखेनं घासलेली, पालथी घालून लावलेली, आणि धुण्याची बादली वेगळी, मागच्या दाराशी.

मी विचारलं, “हे पाणी पाटात सोडत नाही?”

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. “धुण्याचं? त्यात सोडा असतो न्हवं. सोड्याचं पाणी भाजीला कोण घालतं वं मास्तर? त्यानं रान चिकाट होतं, मुळीला दमच लागतो.”

“मी फळ्यावर थेंबन् थेंब म्हणून लिहिलं होतं.”

“सून म्हणाली मला. मी म्हणलं, फळ्याचं फळ्यापाशी.” मग जरा नरम होऊन म्हणाली, “तुमच्या आईनं सांगितलं न्हाई व्हय कवा?”

मी तिच्या परड्यातच बसलो, वाफ्याच्या बांधावर. सांगितलं होतं, आई. तुझ्या पद्धतीनं सांगितलं होतंस.

आबा पलटणीतून रजेवर आले होते. मी सतरा-अठराचा. तू त्यांचे खाकी कपडे परड्यात सोडा घालून उकळत होतीस आणि मला म्हणालीस, पाणी गार झालं की भिंतीपलीकडं वाटेवर ओत. मी नुकतंच पाटपाण्यावरचं एक पुस्तक वाचलं होतं आणि मला वाटलं, एवढं पाणी वाया घालवायचं? मी कुदळीनं पाट ओढला आणि सगळं पाणी मेथीच्या वाफ्यात सोडलं. पाट अगदी सरळ आला होता, मला अजून आठवतो. आबांना दाखवायला बोलावलं. आबांच्या भेटीला चार माणसं आलेली, तीही बघायला आली. तेवढ्यात तू घरातनं येतेस, वाफा बघतेस, माझ्या हातातली कुदळ ओढून घेतेस. “कुणी सांगितलं तुला? कुणी सांगितलं?” मी म्हणतो, पुस्तकात आहे. “मग पुस्तकातली मेथी खा. माझ्या वाफ्याला पुन्यांदा हात लावायचा न्हाई.” ती माणसं हसली. आबाही हसले. ते तिसऱ्या दिवशी सगळं विसरले असतील. मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तू विहिरीवरून घागरी आणायला लागलीस. मी सोप्यात उभा राहून मोजत होतो. बावीस घागरी. तू वाफ्याचा खालचा कोपरा खुरप्यानं फोडलास, वरनं पाणी ओतलंस आणि ते कोपऱ्यातनं सरळ वाटेवर जाऊ दिलंस. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. मला वाटलं, हे मला हिणवायला चाललंय. हा एवढं पाणी वाचवायला निघाला होता, तर बघ, मी बावीस घागरी वाटेवर सांडते. एकदाही ‘आण घागर इकडं’ म्हणालो नाही. महिन्याभरात सांगलीला निघून आलो.

पुढं दिवाळीला यायचो, पण परड्यात पाऊल टाकलं नाही. तू मागच्या दारातनं हाक मारायचीस, “दोडका बघ की, किती लागलाय.” मी म्हणायचो, “दिसतोय इथनं.” असं पाच दिवाळ्या चाललं. सहाव्या दिवाळीच्या आत तू गेलीस. मी पोचलो तेव्हा परड्यात पुरुषमाणसं लाकडं फोडत होती आणि तुझे वाफे त्यांच्या पायाखाली गेले होते. मग सगळे निघून गेल्यावर मी पहिल्यांदा त्या परड्यात उतरलो.

गंमत बघ. भांड्यांचं राखेचं पाणी वाफ्याला आणि धुण्याचं वाटेवर, हे तू रोज करत होतीस आणि मी रोज बघत होतो. उतार बोटानं मोजणारा मी, मला तेवढं दिसलं नाही. पण घागरी आठवत होत्या. रागानं मोजलेल्या म्हणून असेल, एकूण एक आठवत होत्या, आणि फोडलेला कोपराही. म्हातारीच्या परड्यात बसल्या बसल्या मला उमगलं की तू पाणी सांडत नव्हतीस, वाफा धूत होतीस. सोडा विरघळवून त्या कोपऱ्यातनं बाहेर काढत होतीस. आणि हेही आठवलं, की मी निघालो त्या दिवशी तू फडक्यात भाकरी आणि मेथीची भाजी बांधून दिली होतीस. मेथी त्याच वाफ्यातली होती, दुसरा वाफा नव्हताच. मी ती एसटीत खाल्ली आणि कुठली हा विचारसुद्धा केला नाही.

पुढच्या शनिवारी मी फळा पुसला आणि सांगितलं, चूक माझी आहे. धुण्याचं पाणी आजपासून बाहेर. वाफ्याचा खालचा कोपरा फोडा आणि तीन दिवस आडाचं चांगलं पाणी वरनं सोडत राहा, वाहून जाऊ द्या, मग कुजलेला पाला मिसळून माती हलवा. वकिलांच्या बायको म्हणाल्या, “आधी थेंब सांडू नका म्हणालात, आता बादल्या ओता म्हणता. तिसरं काही असेल तर तेही आजच सांगून टाका.” पण त्यांनीच सगळ्यात आधी पदर खोचला. आज दुसरा शनिवार होता. दहाही वाफ्यांत नवी पानं धरलीत, माती बोटानं उकरता येते. अध्यक्षीणबाई स्वतः खाली बसून बघून आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्यात वांगी घेऊ या, मास्तर. पदवीधर साहेबांचं नाव कुणी काढलं नाही. छातीवरचा दगड उतरला म्हणतात ना, तसं झालंय. पण खरं सांगू, वर्गाचा दगड लहान होता. त्याच्या खाली दुसरा होता, सत्तावीस वर्षांचा, तोही उतरला. तू मला चार माणसांत हिणवलं नव्हतंस. तुला मेथीची काळजी होती, एवढंच होतं.

हे पत्र कुठं टाकणार? तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं. आबांची पलटणीतली पत्रं मीच वाचून दाखवायचो, आणि तुला काळजी वाटेल असं काही आलं की गाळायचो. तू माझ्या तोंडाकडं बघत असायचीस. “मधलं काय खाल्लंस? परत वाच.” तसं हेही मलाच वाचावं लागलं असतं, म्हणून गाळलेलं आत्ताच लिहून ठेवतो. आज वाफे बघून झाल्यावर वर्गात एकीनं विचारलं, “मास्तर, वाफा असा धुवायचा हे तुम्हाला कुणी सांगितलं?” सगळ्या वह्या उघड्या होत्या. तुझं नाव अगदी ओठावर आलं होतं.

मी म्हणालो, पुस्तकात आहे.

ती कडेगावाकडची म्हातारी सुनेबरोबर आली होती, मागं बसली होती. ती म्हणाली, “चांगलं हाय वं पुस्तक.” आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.