छापलंय तेच वाचायचं

३ नोव्हेंबर

आज तीनदा थांबावं लागलं. "सुईण दलदलीत उतरली" — एवढं साधं वाक्य, आणि शेवटचा 'ली' घशातच राहिला! काचेपलीकडून कानसेन म्हणाला, "चहा घेऊ या?" म्हणजे टेक वाया गेला. त्याची सभ्य भाषा ती. आमचा रेकॉर्डिस्ट. दिवसभर कानावर हेडफोन, पण गोष्टीत काय चाललंय विचारा, ढिम्म माहीत नसतं. त्याला फक्त माझे आवंढे ऐकू येतात.

सोळा वर्षं अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचतेय. भाड्याचे कायदे वाचले, मधमाश्यांवरचं सहाशे पानी वाचलं, घसा कधी कुरकुरला नाही. आता कुठे मनासारखं पुस्तक हाती आलं तर हे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

४ नोव्हेंबर

ताईचं निदान — "दिवसभर चेटकिणींची पुस्तकं वाचल्यावर आवाज बसेल नाही तर काय होईल?" शिलाई मशीनवरून मान वर न करता. मग, "तिचे पाय उलटे की सुलटे ते तरी सांग."

सुलटे. आणि कायम ओले. पाच भागांची कादंबरी आहे, दलदलीच्या काठच्या गावातली. बाई सुईण आहे आणि चेटकीणही. प्रत्येक बाळ जन्मलं की कमरेच्या दोरीला एक गाठ मारते, गाठीत थोडा वारा बांधून ठेवते. गाव तिला रात्री बोलावतं आणि दिवसा ओळख दाखवत नाही. चार भाग होत आले. इतकं सांगितल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे आपल्या मावशीसारखी. अडलं की बोलवायचं, एरवी ओळख नाही." आणि दोरा तोडला. खरंच की! हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सध्या सारखं ऐकतेय ते — तिघी बहिणींचा तो अल्बम, सूत कातताना म्हणायच्या गाण्यांचा. वाद्य एकच, तेही बहुधा चरख्याचं लाकूड. सहावं गाणं लागलं की हातातलं काम थांबतं. आणि पियानोकाकांनी, माझ्या एका श्रोत्याने, सुचवलेलं एकट्या सेलोचं. पहिल्यांदा कंटाळले. आता त्याशिवाय भांडी घासवत नाहीत.

९ नोव्हेंबर

पियानोकाकांचा व्हॉइस मेसेज. प्रत्येक प्रकरण ऐकून झालं की पाठवतातच. चाळीस वर्षं पियानो जुळवले त्यांनी, शाळांमधले, हॉटेलांमधले. जन्मापासून दिसत नाही. मी त्यांना अजून भेटलेले नाही, पण माझ्या वाचनावर इतकं बोलणारा दुसरा माणूस नाही. बाकीचे ऐकतात आणि परत करतात.

आजचा मेसेज वेगळाच होता. "बाई, पहिल्या भागात तुमचा आवाज जिथे टेकायचा, तिथून आता अर्धा सूर खाली आलाय. आणि वरच्या पट्टीत एक तार सुटल्यासारखी वाटते. पियानो असता तर उघडून बघितला असता. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

राग आला. मी काय फर्निचर आहे?

१० नोव्हेंबर

कानसेनला विचारलं. त्याने पहिल्या भागातलं पान लावलं, मग कालचं. "चहा?" म्हणाला.

१४ नोव्हेंबर

घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. माझा आवाज जिथून निघतो ती जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली — दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एका पट्टीवर गाठ. डॉक्टरीणबाईंनी 'गाठ' म्हटलं आणि मला त्या सुईणीची दोरीच आठवली. हसू आलं. त्या घाबरल्या बहुतेक.

काढावी लागेल. तपासायला पाठवावी लागेल. त्याआधी काहीच सांगता येत नाही. ऑपरेशन एकोणतीसला. नंतर पंधरा दिवस तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाही. आणि मग आवाज कसा असेल? "बघू." हा शब्द डॉक्टरांना शिकवतात की काय कोण जाणे.

भीती वाटते. लिहून टाकलं. बास.

१५ नोव्हेंबर

पाचवा भाग एकोणतीसच्या आत संपवायचा. कानसेन म्हणतो, घशाला ताण नको. मी म्हटलं, मग कोण वाचणार? तू?

१९ नोव्हेंबर

काकांच्या मुलीचा फोन ग्रंथालयात आला. त्यांचं हृदय थकलंय, अंथरुणातून उठत नाहीत आता. "डॉक्टर म्हणाले, दिवसांचंच काम आहे. आम्ही बाबांना सांगितलेलं नाही. बरे होताय, असंच सांगतो. तुमचं पुस्तक तेवढं लवकर पूर्ण झालं तर —" पुढे तिला बोलवेना. मी नुसतं हो हो करत राहिले, नंदीबैलासारखी.

म्हणजे आता आम्ही दोघं एकाच शर्यतीत. माझा घसा आणि त्यांचं हृदय.

२३ नोव्हेंबर

शेवट आधी वाचून ठेवला, नेहमीप्रमाणे. वाचायला नको होता.

वादळात गावाची नाव सापडते. सुईण काठावरून एकेक गाठ सोडते, एकेक वारा नावेमागे लावते. शेवटच्या गाठीसाठी दलदलीत उतरते. नाव किनाऱ्याला लागते. तिच्यासाठी गाठ उरत नाही. ती बुडते. लेखिकेने ते एका परिच्छेदात उरकलंय, आणि नावेतलं कुणी मागे वळून बघतसुद्धा नाही!

पाच भाग! अठराशे पानं त्या बाईबरोबर चालायचं आणि शेवटी हे? पुस्तक भिंतीवर फेकणार होते. ग्रंथालयाचं आहे म्हणून उशीवर फेकलं.

हे मी काकांना वाचून दाखवू? त्या अंथरुणावर?

२५ नोव्हेंबर

आमच्याकडे नियम एकच — छापलंय तेच वाचायचं. छपाईची चूक असेल तर चुकीसकट. पहिल्या वर्षी मी एका कवितेतला शब्द 'सुधारला' होता. तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, "त्यांच्यापाशी पुस्तक नाही, तुम्हीच आहात. तुम्ही बदललंत तर त्यांना कळणार कुठून?" सोळा वर्षं काना-मात्रा इकडची तिकडे केली नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत वेगळा शेवट लिहिला. दहाच ओळी. तिच्या वेणीत एक गाठ राहून गेलेली असते, स्वतःच्या जन्माची. ती सोडते. वारा तिला काठावर आणून टाकतो. नावेतला एक म्हातारा वळून बघतो आणि हात करतो.

२७ नोव्हेंबर

संपलं.

आधी माझा शेवट वाचला. कानसेनने पहिल्यांदाच हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. म्हणजे गाढवाला गोष्ट कळते तर! "छापलंय तेच?" त्याने विचारलं. मी मान हलवली, ना धड हो ना धड नाही. त्याने हेडफोन परत चढवला, म्हणाला, "ही फाइल काकांना. आता बाकीच्यांसाठी खरा घे."

खरा वाचला. आवाज फाटला होता, पण एका दमात गेला. 'ती दिसेनाशी झाली' या वाक्यानंतर पुस्तक मिटलं. हे कदाचित माझं शेवटचं वाचन, असं मनात आलं आणि रडले. कानसेनने मशीन बंद केलं होतं की नाही, देव जाणे.

२८ नोव्हेंबर

ताईने बॅग भरली. दोन गाऊन, टॉवेल, आणि कुठून तरी शोधून आणलेली पाटी-पेन्सिल. "पंधरा दिवस तुझी टकळी बंद, माझ्या नशिबात इतकं सुख!" म्हणाली आणि मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

२ डिसेंबर

झालं ऑपरेशन. घरी आहे. घसा विस्तवासारखा. गाठ तपासायला गेली. रिपोर्ट दहा तारखेला.

गप्प बसायचं म्हणजे किती ऐकू येतं! ताईचं मशीन, वरच्या मजल्यावरची खुर्ची. तिघी बहिणींचा अल्बम लावला आणि बंद केला. गाणाऱ्यांचा मत्सर वाटला. सेलो मात्र चाललं. त्याला घसा नाही.

४ डिसेंबर

कानसेन आला. खिशातून फोन काढून काकांचा मेसेज लावला. आवाज खूप खोल गेलाय, दोन शब्दांत मैलाचं अंतर. तरी जसाच्या तसा उतरवतेय.

"बाई, शेवट ऐकला. छान केलाय. पण तो पानावरचा नाही. वाचणारा माणूस स्वल्पविरामाला श्वास घेतो. जुळवून सांगणारा वाक्याच्या मध्येच घेतो, पुढचं रेटायचं असतं ना. तुम्ही सोळा वर्षांत कधी मध्ये श्वास घेतला नाहीत. इथे घरात सगळे मला जुळवूनच सांगतात. मुलगी म्हणते, महिनाभरात जिना चढाल. मला वाटलं होतं, तुम्ही तरी पानावरचं वाचाल."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मला वाटत होतं मी त्यांना काहीतरी देतेय. दिलं काय? घरात होतंच त्यांच्या, पोतंभर.

पाटीवर लिहिलं — खरा पाठव. आत्ता. कानसेनने वाचलं. चहाही न घेता उठला.

८ डिसेंबर

काका गेले. काल सकाळी.

त्यांची मुलगी घरी आली होती. मी बोलू शकत नाही हे तिला माहीत होतं, त्यामुळे तीच बोलत राहिली. खरा शेवट त्यांनी दोनदा ऐकला. "ती बुडते तर," एवढंच म्हणाले. मग त्यांचा चेहरा सैल झाला, असं ती म्हणाली. "मला जवळ बसवून म्हणाले, 'आता तू वाच.' मग मी सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. माझा हात धरून ऐकलं. म्हणाले, 'बघ, आत्ता श्वास बरोबर जागी घेतलास.'"

जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले. माझ्या पाया कसली पडते! मी तर फसवायलाच निघाले होते.

ताई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मग ब्लाउजला उलटी बाही लावून बसली आणि संध्याकाळभर उसवत राहिली.

१० डिसेंबर

ताई रिपोर्ट घेऊन आली. चपला न काढता तशीच आत. पाकीट पाठीमागे धरलेलं.

"काही नाही गं. सगळं —" इथे श्वास घेतला — "चांगलं आहे."

मी पाटी पुढे ओढली. लिहिलं — छापलंय तेच वाच.