गप उभी राहिलेली उंदरं

२ जुलै, बुध.
आणि परत तेच. गुडघ्याला निरगुडीचा पाला, पाला, पाला. फोनवर आबांना म्हणलं, आईचा गुडघा नारळाएवढा सुजलाय, मंचरला डॉक्टरला दाखवा. तर म्हणतात, "निम्मं घाटघर माझ्या निरगुडीवर चालतंय. तू हैदराबादला जाऊन लई शाणा झाला का?" दोन वर्षं हेच चाललंय. मी पण फोन ठेवून दिला.
आणि शाणा इथं करतो काय, तर लॅबमधले पिंजरे धुतो. उंदरांच्या मुताचा वास डब्यातल्या भातालाबी.

५ जुलै, शनि.
नशीब बघा. नवं औषध तपासायला आलंय, दुखण्यावरचं. लॅबच्या मॅडमनी बाटली दाखवली. निरगुडीचा अर्क. आधी हसू आलं, मग शिसारी. निम्म्या उंदरांच्या घशात नळीनं अर्क, निम्म्यांना नुसतं पाणी. मग एकेकाला तापल्या पत्र्यावर सोडायचं. पाय चाटला की घड्याळ दाबून उचलायचं. चाटायला जेवढा उशीर, तेवढं औषध चांगलं. उचलणार मी. आठवी नापासाला एवढंच जमतं.

८ जुलै, मंगळ.
पाण्याची उंदरं पाय टेकला की चाटतात. अर्काची बरीच नुसती उभी. हलत नाय, चाटत नाय. बघवंना. आमच्या बैलाचा पाय मोडला तेव्हा तो असाच गप व्हता. दुखणं लई झालं की जनावर आवाज करत नाय. चाटायची वाट न बघता उचलली, घड्याळ दाबलं. मॅडमचं डोकं वहीत, मी सांगतो तो आकडा लिहीत व्हत्या.
एक बोटाला चावलं. दुपारी सगळी मारून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. तीनदा हात धुतले. जेवलो नाय.

११ जुलै, शुक्र.
मॅडम म्हणाल्या, पाण्यात न् अर्कात फरक नाय, काम बंद. लगेच आबांना फोन. "तुमच्या निरगुडीत काय बी नाय. मशिनीवर ठरलं."
"तू सोता बघितलं?"
"माझ्या हातानं."
मग त्यांनी फोन ठेवला.

१४ जुलै, सोम.
आईचा फोन. आबांनी पाला बांधायचं सोडलं. शेजारची धोंडाबाई लंगडत आली, तिलाबी माघारी लावली. म्हणले, माझ्या पोरानं हातानं बघितलंय.
आई म्हणते, "पाल्यानं नीज तरी लागायची रे. आता बसवत बी नाय..." पण मंचरला जायला तयार झाली. मंचरजवळ अवसरीला मामाकडं राहून डॉक्टरला दाखवणार. आबाबी व्हय म्हणले. ज्याच्यासाठी भांडत व्हतो ते झालं एकदाचं.

१६ जुलै, बुध.
मॅडमना सहज विचारलं, औषध लागू पडलं तर उंदीर कसा दिसतो. म्हणाल्या, शांत उभा राहतो.
चाटायच्या आधी मी उचलली ती तीच. म्हणून आकडे पाण्याएवढेच आले.
 सोताचीच किळस. मॅडमना सांगावं तर नोकरी जाईल. जाऊ दे, लायकी तीच. पण आबांना कळलं तर आईचं मंचर बारगळंल, परत पाला, परत गुडघा तसाच. नाय सांगितलं तर धोंडाबाई...

१७ जुलै, गुरु.
आबांना नाय सांगितलं. मॅडमनाबी नाय.
आबांनी आईकडून फोन घेतला. हळूच विचारलं, "डॉक्टर सुई टोचंल तवा तिला दुखू देणार नाय ना रे?" आबांनी मला आजपर्यंत काय विचारलं नव्हतं, सांगायचेच. म्हणलं, नाय देणार.
गुडघ्याचा फोटो, सुई, गाडीभाडं धरून पैसे पाठवतोय. साडेसहा हजार.