रातांब्यावरची अक्षरं

१८ ऑक्टो.
विहिरीकडच्या रातांब्यापाशी, म्हणजे कोकमाच्या झाडापाशी, कालेजातली एक पोर भिंग लावून बसलेली. न विचारता. म्हटलं, "रातांबे चोरायचे तर मे महिन्यात यायचं." हसली. तनुजा नाव. बुंध्यावर तो जुना पांढरा डाग, वर काळ्या बारीक रेघा, बालवाडीतल्या पोराने गिरवल्यागत. तो बघायला आली. लायकेन म्हणतात. असला घाटातल्या दाट रानात असतो, इथे समुद्राकडे कसा, म्हणे. म्हटलं, "मीपण घाटातलीच. मला नाही कुणी भिंग लावून बघितलं."

१६ नोव्हें.
तनुजा परत आली. येष्टी चुकली म्हणून जेवली. पिठी-भात, कुळथाची. म्हणाली, डाग म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. बुरशी घर देते, शेवाळ रांधतं. म्हटलं, "आणि सासू कोण?" पाणी नाकात गेलं तिच्या. डाग वर्षाला केसभर वाढतो, म्हणे.
झाडाला लाल दोरा बांधला, खुणेला. "आजी, धुवू नका, काही लावू नका, कुणाला हात लावू देऊ नका. नाताळाच्या सुट्टीत येते."
बरं. मला दुसरं काम काय आहे.
लेकाचा, बाळ्याचा, मुंबईहून फोन. अर्धा 'ऐकू येतंय का' यातच गेला.

२७ नोव्हें.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शेजारची सुनंदा विहिरीवर आली, दोरा बघितला.
"काकी, नवस कुणाचा हो?"
"नवस नाय गो, कालेजाचं काम."
ऐकते कुठे. डागाकडे टक लावून, "श्री उमटलाय काकी!" मला 'ळ' दिसतो, तोही लंगडा. तिसरीपर्यंत शिकले. असेल श्री.

४ डिसें.
गुरुवार. सुनंदाने सांगितलं असणार, खळ्यात अंगणभर चपलांचा ढीग. एवढ्या चपला हे गेले तेव्हा होत्या, नंतर नाही. चहाला दूध पुरेना. म्हटलं, हळदकुंकू लांबून वाहा. वाहिलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

११ डिसें.
दूध जादा आणून ठेवलेलं. मी आत चहा गाळत होते. बाहेर येते तर डागावरच तेल ओतून शेंदूर फासलेला. अक्षर म्हणून दिसेना. सुनंदा म्हणते, "काकी, आता कसा देव उजळला!"
म्हटलं, "उजळला नाही, गुदमरला. घर आणि चूल दोन्ही लिंपलीत त्याची."
कुणाला काही कळलं नाही. चहा पिऊन गेल्या.
मी बाहेर थांबले असते तर

१२ डिसें.
पुसू म्हटलं तर तनुजा म्हणालेली धुवू नका. खरवडू म्हटलं तर डागही निघेल. तिचा फोन लागत नाही. दोरा कापून टाकला.

१८ डिसें.
गुरुवार. बेड्याला, फाटकाला, आतून काठी घातली आणि खुर्ची टाकून बसले. ताटं घेऊन आल्या.
"देव बंद आहे."
सुनंदा म्हणाली, "काकी, पाप लागेल."
"लागू दे. तेवढंच घरात कुणीतरी."
गेल्या. संध्याकाळी सुनंदा पाण्यालाही आली नाही.
चप्पल एकच. माझी.

२२ डिसें.
तनुजाचा फोन लागला. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मधेच फोन तुटला. रेंज गेली की तिने ठेवला, समजलं नाही. मी परत केला नाही. रेंजची गोष्ट असेल तर तीच करेल.

२६ डिसें.
तनुजाला सुट्टी लागली असणार. कुळीथ भाजून जात्यावर दळले. माझ्या एकटीला डबाभर पिठी कशाला लागते.
शेंदराच्या खालच्या कडेला आज एक काळी रेघ दिसली, नखाएवढी. अक्षराची आहे की सालीची चीर, माझ्या चष्म्याला कळत नाही.
भिंग तिच्याकडे.